टेप लावायच्या आधी

आमचे आप्पा शिंपीकाम करायचे. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात दहा बाय आठचं दुकान, पायानं चालवायची मशीन, काउंटरवर खडू, कात्री आणि मापाची वही. गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहिलं की आप्पा गळ्यातली टेप काढायचे, पण लगेच लावायचे नाहीत. आधी म्हणायचे, "हात वर घ्या हं जरा." गिऱ्हाइकानं हात उचलले की मगच टेप छातीभोवती फिरायची. मला ते बोलण्याचं वळण वाटायचं. एकदा सुट्टीत दुकानात बसलो होतो, आप्पा जेवायला गेले होते आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीला मी मागून टेप लावली. तो दचकला. आप्पांना कळल्यावर ते रागावले नाहीत, पण रात्री मशीनला तेल घालता घालता म्हणाले, "विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला टेप लावायची नाही बघ. अंग त्याचं हाय."

पुढे मी चित्रकला शिकलो आणि शिकवलीही. तीस-बत्तीस वर्षं मुलांना मानवाकृती रेखाटायला शिकवतोय, निवृत्तीनंतर घरीच सकाळचा वर्ग घेतो. दर जूनमध्ये नवी मुलं एकच प्रश्न विचारतात : "सर, शरीररचनेचं पुस्तक कुठलं घेऊ?" मी चार नावं सांगायचो, मुलं लिहून घ्यायची, विषय संपायचा. हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा आहे असंच मी धरून चाललो होतो. किंमत, छपाई, चित्रं किती, भाषा सोपी की अवघड. तो धर्माचा प्रश्न आहे, हे मला फार उशिरा समजलं.

दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीनं काही रंगीत प्रिंट आणल्या. मान आणि काख यांची चित्रं होती. जलरंगात केलेलं इतकं बारीक काम मी क्वचित पाहिलंय. स्नायूचा धागा न् धागा वेगळा, नीला निळ्या, मज्जातंतू फिकट पिवळे, कापलेल्या त्वचेच्या कडेची ओलसुद्धा दिसावी अशी. ती म्हणाली, "सर, असं पुस्तक आपल्याकडे का नाही?" मी प्रिंट हातात घेतली आणि ओळखली. पेर्नकोफचा ॲटलास.

एडुआर्ड पेर्नकोफ हा व्हिएन्नातला शरीररचनेचा प्राध्यापक. त्याच्या ॲटलासचा पहिला खंड १९३७ साली निघाला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत सामील झाला आणि हा कट्टर नाझी माणूस वैद्यकीय विद्याशाखेचा प्रमुख झाला, पुढे विद्यापीठाचा कुलगुरूही. ज्यू सहकाऱ्यांना त्यानं बाहेर काढलं. त्याच्या चित्रकारांपैकी एरिख लेपियर सहीत स्वस्तिक काढायचा, दुसऱ्या एकाच्या सहीत एस.एस. या नाझी दलाच्या विजेच्या दोन रेघा असायच्या. नंतरच्या आवृत्त्यांतून ती चिन्हं पुसून टाकली गेली. चित्रं मात्र तीच राहिली, आणि जगभरचे शल्यविशारद त्यांच्यावर शिकत राहिले. १९९०च्या दशकात काही डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली की हे देह कुणाचे. व्हिएन्ना विद्यापीठानं चौकशी केली तेव्हा निघालं की नाझी काळात देहदंड दिलेल्या किमान १३७७ माणसांचे मृतदेह त्या शरीररचना विभागात आले होते. त्यांत राजकीय विरोधकही होते. ॲटलासातल्या प्रत्येक चित्रामागे असाच देह होता असं नाही. पण कुठल्या चित्रामागे होता आणि कुठल्या नाही, हे आज सांगता येत नाही.

मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "पण सर, चित्र तर खरं आहे ना? स्नायू तर तिथंच आहे ना?"

तिचा प्रश्न मला टाळता येईना. स्नायू तिथंच आहे. काखेतून हाताकडे जाणारी मज्जातंतूंची जुडी पेर्नकोफच्या चित्रात आहे तशीच तिच्या काखेत आहे, माझ्याही आहे. ज्ञानाला विटाळ होतो का? आणि आपल्याकडे तर देहाबद्दल बोलण्याची एक तयार रीत आहे. देह म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा ते टाकून दुसरं घेतो. टाकलेल्या वस्त्राची चिंता कसली? गीता मानणाऱ्या घरात वाढलेल्या कुणाच्याही तोंडी हे उत्तर सहज येईल. माझ्याही आलं. पण मी शिंप्याचा मुलगा. वस्त्राचं म्हणाल तर आमच्या दुकानात त्याचा नियम होता. कापड गिऱ्हाइकाचं. शिवून उरलेला वीतभर तुकडासुद्धा आप्पा घडी करून सदऱ्याच्या खिशात घालून परत द्यायचे. काही शिंपी त्या तुकड्यांच्या टोप्या शिवून विकायचे, आप्पांनी कधी विकल्या नाहीत. देह वस्त्र आहे असं मानलं तरी ते कुणाचं तरी वस्त्र आहे. नेसणारा निघून गेला म्हणून ते सापडेल त्याचं होत नाही.

आणि देहाकडे तुच्छतेनं पाहायला शिकवणारी म्हणून जी परंपरा आपण सांगतो, तिनंही असं म्हटलेलं नाही. बौद्ध भिक्षूला दीक्षेच्या वेळी देहाचे पहिले पाच भाग सांगतात : डोक्याचे केस, अंगावरचे केस, नखं, दात, त्वचा. पुढे स्नायू, हाडं, मज्जा असं करत ती यादी बत्तीसपर्यंत जाते. आम्ही वर्गात शिकवतो तसंच, बाहेरून आत. पण भिक्षूनं ती यादी आधी स्वतःच्या देहावर मोजायची असते. दुसऱ्याचं प्रेत पाहिलं तरी 'माझाही देह असाच होणार' हेच त्याला म्हणायचं असतं. अजिंठ्याला गेलो की मला हे आठवतं. देह नाशवंत आहे याचं रोज ध्यान करणाऱ्यांच्या विहारातच पहिल्या लेण्यातला तो पद्मपाणी रंगवलेला आहे, खांदे उतरते, मान किंचित कललेली, बोटांत कमळ. देहाची आसक्ती सोडा म्हणणाऱ्यांनी देहाचा अपमान केलेला नाही.

पण मग मी स्वतः कुठली पुस्तकं वापरतो? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि कपाट उघडलं.

पहिलं हाताला लागलं ते ग्रेचं. हेन्री ग्रे यांचं 'ॲनाटमी' १८५८ साली लंडनला निघालं. त्यातली चित्रं ग्रेंची नव्हेत, हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची आहेत, ३६३ चित्रं. कार्टरनं एक साधी गोष्ट केली : स्नायूचं नाव त्या स्नायूवरच लिहिलं, धमनीचं धमनीवर. अ, ब, क करून खाली सूची शोधायला लावलं नाही. म्हणून दीडशे वर्षांनंतरही ती चित्रं डोळ्यांत बसतात. ग्रेंना विक्रीवर पैसे मिळत राहिले, कार्टरला एकदाच दीडशे पौंड. त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होता आणि पुढे कुष्ठरोगावर त्यानं आयुष्याची वर्षं घातली. धर्मानं झपाटलेला माणूस होता, आपण देवाला पुरे पडत नाही याची खंत डायरीत लिहीत राहिला. मला तो फार जवळचा वाटतो.

पण कार्टरच्या टेबलावर झोपलेली माणसं कोण होती? इंग्लंडमध्ये १८३२च्या कायद्यानं गरीबगृहात, इस्पितळात मेलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या गरिबांचे देह विच्छेदनासाठी देता येत. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. दफनाचे पैसे नसणं हीच त्यांची संमती धरली गेली. आणि मागे जावं तर व्हेसॅलियसचा १५४३चा शरीररचनेचा ग्रंथ. त्याचे ते स्नायूपुरुष, पाडुआजवळच्या डोंगरांपुढे उभे, कुणी हात पसरून, कुणी दोरीला लटकलेला. पाडुआत त्याला फाशी दिलेल्या गुन्हेगारांचे देह मिळत. आपल्याकडचा सुश्रुत पाहावा तर त्यानं विच्छेदनाची पद्धत दिलीय, आणि काय सुंदर दिलीय : देह मुंजासारख्या गवतात गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचा, सात रात्रींनंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू खरवडत एकेक थर पाहायचा. देह कसा निवडावा तेही आहे : सगळे अवयव असलेला, विषानं न मेलेला, दीर्घ रोगानं न गेलेला. तो कुणाचा, हे मात्र नाही. आणि आपल्याच राज्यात १९४९चा कायदा आहे, बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याचा. बेवारस हा शब्द मी हजारदा वाचला असेन. वारस नाही एवढाच त्याचा अर्थ. तो माणूस नव्हता असा नाही.

म्हणजे माझं कपाटही निर्मळ नव्हतं. एका बाजूला दुष्टांचं पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला सज्जनांची, अशी वाटणी करून मला सुटता येईना. फरक आहे, तो मी नाकारत नाही. ग्रेसाठी कुणाला मारलं नव्हतं. व्हिएन्नात न्यायालय, गिलोटिन आणि विच्छेदनाचं टेबल एकाच रांगेत उभं होतं. पण "विचारलं होतं का?" हा आप्पांचा प्रश्न टाकला तर दोघांचंही उत्तर नाही असंच येतं.

अशी चित्रं वापरावीत का, या प्रश्नाला एका रब्बींनी दिलेलं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलंय. अमेरिकेत सेंट लुईसला सुझन मॅकिनन नावाच्या मज्जातंतूंच्या शल्यविशारद आहेत. शस्त्रक्रिया करताना एक बारीक तंतू सापडेना, तेव्हा त्यांनी पेर्नकोफ उघडला आणि तो सापडला. रुग्णाची वेदना थांबली, पण यांच्या मनाची टोचणी काही थांबेना. पुढे रब्बी जोसेफ पोलाक यांनी ज्यू धर्मशास्त्राच्या आधारे मत दिलं. पोलाक स्वतः लहानपणी बर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेले. ते म्हणाले, जीव वाचवायला, माणसाला बरं करायला ही चित्रं वापरता येतील. मात्र ती काय आहेत, कुठून आली, हे सर्वांना सांगूनच. ज्यांचा जीव घेतला त्यांना निदान एवढा मान मिळाला पाहिजे.

या उत्तराला मी मान तुकवतो. पण ते वाचताना मला माझं उत्तरही मिळालं. परवानगी आहे ती जीव वाचवण्यासाठी. माझ्या रेखाटनानं कुणाचा जीव वाचत नाही. खांद्याचा स्नायू थोडा चुकला तर चित्र कच्चं होईल, माणूस मरणार नाही. मग चित्रकाराला पेर्नकोफ उघडायचा अधिकार कुठून आला? मला तो दिसत नाही. मी त्या मुलीला तसं स्पष्ट सांगितलं. तिनं प्रिंट फाडल्या नाहीत, मीही फाडायला सांगितलं नाही. त्या एका लिफाफ्यात घालून, वर चार ओळींत हकिकत लिहून, मी कपाटात ठेवल्यात. मागेल त्याला दाखवतो. त्यावरून रेखाटन करू देत नाही.

मग शिकायचं कशावरून? याचं मुख्य उत्तर पुस्तक हे नाहीच, जिवंत माणूस हे आहे. आणि पुस्तक घ्यायचं तर असं, जे जिवंत माणसाकडे परत पाठवतं. निकोलाइडीस या चित्रकलेच्या शिक्षकाचं रेखाटनाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघालं. कागदावरची पेन्सिल समोरच्या माणसाच्या कडेला टेकलीय असं समजून डोळा आणि हात बरोबर चालवायचे, हा त्याचा पहिला धडा. मुलांनी तेच आधी घ्यावं. ब्रिजमनचं १९२०चं पुस्तक दुसरं. त्यात शिरा-तंतूंची गर्दी नाही, देहाचे ठोकळे आहेत, आणि एक ठोकळा दुसऱ्यात कसा घुसतो ते आहे. मुलं काय चूक करतात सांगतो. तळहात उताणा असलेला हात काढतात, मग तोच पालथा काढायचा तर मनगटापासून पुढचा भाग फिरवतात. हात दोरीसारखा पिळल्यासारखा दिसतो. तेव्हा मी त्यांना डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात कोपराशी धरायला लावतो. आता तळवा पालथा करा. करंगळीच्या बाजूचं हाड कोपराशी जागच्या जागी राहतं, अंगठ्याकडचं हाड त्याच्यावरून आडवं जातं, आणि कोपरापुढचा अख्खा हात फिरतो. मनगट एकटं फिरत नाही. ब्रिजमन वाचून हे कळतं, पण स्वतःचा हात धरल्याशिवाय पटत नाही.

स्नायू नीट पाहायचे तर पॉल रिशेचं १८९०चं पुस्तक, त्याचा इंग्रजी अनुवाद १९७१ला आला. किंवा हंगेरीच्या बार्चाईचं. आणि प्रमाणासाठी लूमिस, १९४३चा. लूमिस सगळ्यांना आवडतो, मलाही. पण त्याच्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. आठ डोक्यांचा त्याचा सुंदर पुरुष हा आदर्श आहे, शेजारी साडेसात डोक्यांचा साधा माणूस त्यानंच काढून दाखवलाय. मुलं मात्र फक्त आदर्श उचलतात, आणि मग त्यांच्या चित्रातला भाजीवालाही आठ डोक्यांचा होतो. आपल्या चित्रसूत्र या जुन्या ग्रंथातही प्रमाणं आहेत : हंस, भद्र, मालव्य, रुचक, शशक असे पाच प्रकारचे पुरुष, हंस १०८ अंगुळं आणि शशक ९०. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१४ साली भारतीय शरीररचनेवर छोटी पुस्तिका काढली. तिच्यात डोळ्याला मासा, धडाला गाईचं मुख अशी रूपं आहेत. ती मी मुलांना जरूर वाचायला देतो, कारण तिथं देह पाना-फुला-प्राण्यांचा नातेवाईक आहे. पण हे सगळं माप एका माणसाचं नाही, माणूसपणाचं आहे.

एका माणसाचं माप आप्पांच्या वहीत होतं. ती माझ्याकडे आहे. उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा. आणि समोर बारीक अक्षरात : 'डावा खांदा अर्धा इंच खाली.' 'पाठीला पोक, मागची उंची जास्त.' 'उजवा दंड जाड, पैलवान.' चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांत दोन माणसं एकसारखी सापडत नाहीत. प्रमाणाचं पुस्तक वाचून झालं की मी ही वही मुलांच्या हातात देतो.

एक कबुली द्यायची राहिली. मुंबईला शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गात एक बाई मॉडेल म्हणून बसायच्या. वर्षभर मी त्यांची शेकड्यानं रेखाटनं केली. घोट्याच्या आतलं हाड बाहेरच्यापेक्षा वर असतं, हे मी त्यांच्या पायावर शिकलो. चपलेच्या अंगठ्यानं पडलेला घट्टा अजून डोळ्यांपुढे आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या पैसे घेऊन बसत होत्या, म्हणजे संमती होती, असं मी म्हणू शकतो. पण आप्पा गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायचे, आणि मी नावाशिवाय माप घेत बसलो होतो. आता माझ्या वर्गात कुणी बसायला आलं, मग तो तालमीतला पोरगा असो की आमच्या गल्लीतल्या मावशी, तर मुलांनी आधी उठून नाव विचारायचं, "बसाल ना?" म्हणायचं, आणि रेखाटनाखाली ते नाव लिहायचं. नाव लिहू नका असं त्यांनी सांगितलं तर लिहायचं नाही.

आप्पांनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी देहदानाचा अर्ज भरला. वारीला पायी जाणारा माणूस, हातात टाळ, गळ्यात माळ. घरात आईनं विरोध केला, अग्नी नाही तर गती कशी मिळायची म्हणून. आप्पा तिला म्हणाले, "दधीचीला देवांनीसुद्धा विचारलं, हाडं देशील का म्हणून. मला तर कुणी विचारलं पण नाही, मीच देतोय." मग माझ्याकडे वळून, अगदी कामाचं बोलावं तसं : "उजव्या हाताच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे झालेत. पोरं घाबरतील, काय रोग होता म्हणून. तेवढं त्यांना सांग."

ते गेले त्या दिवशी देह वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवायला मी गेलो होतो. शरीररचना विभागातल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि घट्ट्यांचं लिहूनही घेतलं. पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदनाला सुरुवात करण्याआधी देहापुढे उभं राहून शपथ घेतात, आणि त्या देहाला पहिला गुरू म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

शरीररचनेचं पुस्तक घ्यायला निघालेल्या मुलामुलींना माझं एवढंच मागणं आहे. पुस्तक घरी आणल्यावर त्यातल्या देहांबद्दल जेवढं कळेल तेवढं शोधा आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहा. माझ्या ग्रेवर लिहिलंय : 'लंडनमधले गरीब, १८५०चं दशक, यांना कुणी विचारलं नव्हतं. चित्रं : कार्टर.' व्हेसॅलियसवर लिहिलंय : 'पाडुआत फाशी गेलेले.' जिथं काहीच कळत नाही तिथं 'अज्ञात' लिहा, पण पान कोरं ठेवू नका.